जेआरएफ लागली आहे, कॉलेजात तासिकाही मिळतायत. काय धरू, काय सोडू?

परळची_पोर

मंडळी, सल्ला हवाय. घरी विचारून उपयोग नाही, कारण आई म्हणते "हातची नोकरी सोडू नको" आणि बाबा म्हणतात "तुझं तू बघ".

एमए इतिहास, मुंबई विद्यापीठ. सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) आधीच झाली होती, या खेपेला केंद्राच्या नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठी दरमहा मिळणारी फेलोशिप, लागली. पीएचडीचा विषय डोक्यात पक्का आहे: गिरणगावातल्या खानावळी. माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. तिच्याकडे जेवणाऱ्यांच्या नावांची एक वही अजून आमच्या माळ्यावर आहे, कोणी किती ताटं जेवला, कोणाचे किती राहिले. १९८२ च्या संपानंतरची पानं बघितली तर 'राहिले' हाच रकाना भरलेला. तेव्हा विषय बदल असं कृपया कोणी सांगू नका.

अडचण अशी की मध्य रेल्वेवरच्या एका कॉलेजातून बोलावणं आलंय. अनुदानित बाजूला तासिका तत्त्वावर आठवड्याला ९ तास, शिवाय सेल्फ फायनान्सला मासमीडियाच्या मुलांना शिकवायचे वेगळे पैसे. प्राचार्य म्हणाले, "दोन-तीन वर्षं काढ, जागा भरायची वेळ आली की आतलाच माणूस बघतात. पीएचडी काय, पार्टटाइम होते." जाता जाता असंही सुचवलं की जेआरएफ सोडू नकोस, आमचं मानधन 'दुसऱ्या पद्धतीने' देता येईल.

डोंबिवलीला राहते. कालिना (विद्यापीठाचा परिसर) आणि ते कॉलेज, दोन्हीकडे जायला लोकल आलीच. या वाटेने गेलेल्यांनी सांगा.

---

तासिकावाला

ताई, अभिनंदन. 'आतलाच माणूस बघतात' हे वाक्य मलाही ऐकवलं होतं, याच शब्दांत. बहुधा प्राचार्यांच्या ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतात.

गणित मांडतो. शासनाचा दर पदवीला तासाला ९०० रुपये, पदव्युत्तरला १०००. आठवड्याला जास्तीत जास्त ९ तास. म्हणजे चार आठवड्यांचे ३२,४००. जेआरएफ ३७,०००. वरवर बघता फार फरक नाही, आणि घरचे इथेच फसतात.

आता वजाबाकी करा. दिवाळीची सुट्टी, नाताळ, अख्खा मे महिना, परीक्षेचे आठवडे: तास झाला नाही तर पैसा नाही. पावसात लोकल बंद पडून कॉलेज सोडून दिलं, तेही बुडाले. उलट सुपरव्हिजन, पेपर तपासणी, नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या परिषदेच्या) फायली, एनएसएसचं शिबिर, 'तुमचा आवाज चांगला आहे' म्हणून दिलेलं सूत्रसंचालन, यातलं काहीही तास म्हणून धरत नाहीत. बिलावर विभागप्रमुखांची सही, मग प्राचार्यांची, मग सहसंचालक कार्यालय, मग ग्रांट येईपर्यंत वाट. एका वर्षी जूनपासूनचे पैसे मला मार्चअखेरीस एकगठ्ठा मिळाले. मधल्या काळात बायकोच्या पगारावर घर चाललं. सासरे काही बोलत नाहीत, पण चहा देताना "कॉलेज कसंय?" असं विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत.

दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत. टेबलापलीकडे तीच माणसं, ज्यांच्याबरोबर काल कँटीनमध्ये बसलो होतो. ती म्हणतात, "स्वतःबद्दल थोडं सांगा."

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला ५०,००० पर्यंत असं कळवलं आहे. आपल्याकडे तो कागद फाइलला लागला असेल.

---

जोशीबुवा

पीएचडी करून काय दिवे लावणार? (मी नाही विचारत. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात नागपुरात विचारलं गेलंय, विधान परिषदेत. मी फक्त आठवण करून दिली.)

---

रसायनी

@जोशीबुवा, आमच्या लॅबमध्ये त्या आठवड्यात व्हॅक्यूम पंपावर पणती चिकटवली होती कोणीतरी.

परळची_पोर, मी सायन्सकडची, माटुंग्याला. सीएसआयआरची (विज्ञान विषयांसाठीची) जेआरएफ. रक्कम तुझ्याएवढीच: पहिली दोन वर्षं ३७,०००, नंतर एसआरएफ (सीनियर फेलोशिप) झाली की ४२,०००. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे, त्याआधी ३१ आणि ३५ हजार होते. हॉस्टेल मिळालं नाही तर घरभाडं वेगळं, आणि मुंबई एक्स वर्गातलं शहर असल्यामुळे त्याचा दर सगळ्यात वरचा. वर कॉन्टिजन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाचे पैसे. ती तुमच्या बाजूला पहिली दोन वर्षं १०,००० आणि पुढे २०,५०० रुपये. महिन्याचे नाहीत हां, वर्षाचे.

पण आकडा सोड, पैसा खात्यात येतो कसा ते समजून घे. यूजीसीची जेआरएफ कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून थेट आधार जोडलेल्या खात्यात येते. आपोआप नाही येत. दर महिन्याला तुझ्या संस्थेने 'ही मुलगी हजर आहे, काम करतेय' असं कन्फर्मेशन टाकावं लागतं. त्यासाठी ऑफिसात दोन लॉगिन असतात, एक मेकर, एक चेकर. मेकर टाकतो, चेकर मान्य करतो. मेकर रजेवर गेला, किंवा चेकरची बदली होऊन नव्याला लॉगिन मिळालं नाही, की तुझी फेलोशिप अडली. दिल्लीत काही बिघडलेलं नसतं, अडलेलं असतं तुझ्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. माझ्या मैत्रिणीचे एकदा चार महिने याच पायी तुंबले होते. तिने शेवटी मेकरबाईंना डबा खाऊ घालून मैत्री केली, आता पाच तारखेच्या आत काम होतं.

तेव्हा विभाग निवडताना तिथल्या सध्याच्या जेआरएफवाल्यांना गाठून एवढंच विचार: शेवटचे पैसे कोणत्या महिन्याचे आले?

(आयआयटीत पीएमआरएफवाल्यांना, म्हणजे पंतप्रधान संशोधन फेलोशिपवाल्यांना, सुरुवातीलाच ७०,०००. पवईला सेमिनारला गेलं की त्यांच्याबरोबर जेवायला बसू नये, एवढंच सांगते.)

---

आझादमैदानकर

वर सगळे केंद्राच्या जेआरएफबद्दल बोलतायत म्हणून राज्याचं सांगतो. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी, भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय. यातल्या कुठल्यातरी एकीच्या भरवशावर महाराष्ट्रातली कित्येक मुलं पीएचडीला बसली आहेत, कारण जेआरएफ प्रत्येकाला लागत नाही.

फेलोशिपसाठी आम्ही आझाद मैदानात आंदोलनाला बसलो होतो तेव्हा माझा सिनॉप्सिस मंजूर होता, कोर्सवर्क झालं होतं, आणि फेलोशिपचा पत्ता नव्हता. सोबतची मुलगी नांदेडहून आलेली, रात्री सीएसएमटीच्या वेटिंग रूममध्ये झोपायची. पुढे बार्टी, सारथी, महाज्योती या तिन्ही संस्थांची मिळून चाळणी परीक्षा घेतली, २४ डिसेंबर २०२३ ला. प्रश्नपत्रिका उघडली तर २०१९ च्या सेटचीच, जशीच्या तशी. हॉलमध्ये आधी हसू आलं, मग कोणालाच येईना.

ताई, तुम्हाला जेआरएफ लागलीय. ती पाच वर्षं कोणाच्या दारात बसावं लागणार नाही. मेकर-चेकरचं म्हणाल तर त्याला दुखणं म्हणायला आम्ही तयार आहोत, बदलून द्या.

---

निवृत्त_मास्तर

प्राचार्य म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून लिहितो. कोणाला राग आला तर येऊ दे.

'जागा भरायची वेळ आली की' या वाक्यात सगळी गोम आहे. ती वेळ प्राचार्यांच्या हातात नसते. प्राध्यापक निवृत्त झाला म्हणून जागा आपोआप भरता येत नाही. शासनाने त्या पदाला मान्यता द्यावी लागते, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची याचा तक्ता, म्हणजेच रोस्टर) मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते, ना-हरकत घ्यावी लागते, मग जाहिरात. २०२१ च्या नोव्हेंबरात राज्यभरात २,०८८ सहायक प्राध्यापकांना मंजुरी मिळाली, तर ती पदं भरता भरता संस्थांच्या नाकी नऊ आले. आणि इतिहासाची जागा निघाली तरी ती कोणत्या प्रवर्गाची असेल ते रोस्टर ठरवणार. पोरी, उद्या त्या कॉलेजात जागा निघाली आणि बिंदू तुझ्या प्रवर्गाचा नसला, तर 'आतला माणूस' बाहेरच राहतो. प्राचार्यांना विचार: इतिहासाची किती पदं मंजूर, किती भरलेली, पुढचा बिंदू कोणता? उत्तर देताना ते खिडकीबाहेर बघू लागले तर काय ते समज.

दुसरं. तुझी नेमणूक कोणत्या समितीकडून होणार हे विचार. विद्यापीठाचे नामनिर्देशित तज्ज्ञ आणि सहसंचालकांचा प्रतिनिधी बसलेली निवड समिती वेगळी, आणि कॉलेजने आपल्यापुरती भरवलेली लोकल समिती वेगळी. लोकलवाल्याची वर्षापुरती मान्यता. एप्रिलात संपली की संपली.

तिसरं, अनुभवाचं. २०१८ च्या यूजीसी नियमावलीत कंत्राटी सेवा पुढे धरायची तर अटी आहेत: पात्रता नियमित पदाचीच हवी, निवड रीतसर झालेली हवी, आणि एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनापेक्षा कमी नको. नियमित माणसाचा मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो, भत्ते धरून लाखाच्या घरात जातो. तासिकेवर एवढे कोणाला मिळतात? म्हणजे दहा वर्षं शिकवा, कागदावर शून्य. तासिकावाले साहेबांना हे माहीत असणार, त्यांनी लिहिलं नाही एवढंच.

---

तासिकावाला

लिहिणार होतो सर. मग म्हटलं जेवणाआधी नको.

---

बोरिवली_स्लो

एक बाळबोध शंका. सहायक प्राध्यापकासाठी पीएचडी आता लागतच नाही ना? मग पाच वर्षं कशाला घालवायची? नेट आहेच की.

---

निवृत्त_मास्तर

@बोरिवली_स्लो, किमान पात्रता म्हणून लागत नाही, बरोबर. विद्यापीठ विभागांसाठी पीएचडी सक्तीची करणार होते, ती तारीख पुढे ढकलत ढकलत १ जुलै २०२३ पासून नेट/सेट हीच किमान अट ठेवली. पण मुलाखतीला कोणाला बोलवायचं यासाठी गुण मोजतात. कॉलेजांच्या तक्त्यात पीएचडीला २५, जेआरएफसह नेटला १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५. एका जागेला शंभर अर्ज आले की २५ गुण नसलेला मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचतच नाही. शिवाय आत गेल्यावर असोसिएट व्हायचं तर पीएचडी हवीच.

---

सायली_के

मी इतिहासातलीच, नुकता व्हायवा झाला. मला वाटतं सगळे पैशांवर घसरलात आणि गाईडचा विषय राहिला.

परळची_पोर, जेआरएफ असल्यामुळे तुला पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) द्यावी लागणार नाही, थेट मुलाखत. पण मुलाखत झाली म्हणजे जागा मिळाली असं नाही. गाईडकडे जागा रिकामी हवी. २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएटला ६, असिस्टंटला ४ विद्यार्थी. आणि ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलीत ते नवा विद्यार्थी घेऊ शकत नाहीत. आपल्याकडे निवृत्ती साठीला. म्हणजे सत्तावन्न ओलांडलेले सर कितीही प्रेमाने "ये गं, बघू" म्हणाले तरी ते 'बघू'च राहणार. मी एका सरांच्या मागे असंच हिंडले. विद्वान माणूस, तासन् तास बोलायचे, गिरण्यांची गॅझेटियरमधली पानं पाठ. फक्त त्यांच्या निवृत्तीची तारीख त्यांनी सांगितली नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

गाईड शोधताना प्रबंध वाचू नकोस, प्रबंधाच्या सुरुवातीचं ऋणनिर्देशाचं पान वाच. शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर सगळे आहेत. ज्या गाईडच्या विद्यार्थ्यांनी 'वेळोवेळी मार्गदर्शन' एवढ्यावर भागवलंय ते वेगळे, आणि ज्यांनी कुठल्या प्रकरणावर भांडण झालं ते लिहिलंय ते वेगळे. दुसऱ्या प्रकारचे शोध. रजिस्ट्रेशनची तारीख आणि पदवीची तारीख यांतलं अंतरही बघ. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, बायकांना आणखी दोन मिळू शकतात. पण ज्यांच्याकडे सगळेच शेवटच्या सहामाहीत धापा टाकत पोचलेत तिथे काहीतरी अडतंय.

जेआरएफच्या पत्राला तीन वर्षं मुदत असते. तेव्हा घाईने मिळेल त्या गाईडच्या गळ्यात पडू नकोस. एक सत्र थांबलीस तरी आभाळ कोसळत नाही.

---

रसायनी

सायलीच्या म्हणण्यात एक भर. पैसे रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजतात. ज्याचं पीएचडी रजिस्ट्रेशन आधीच आहे त्याला निकालाची तारीख किंवा रुजू झाल्याची तारीख, यांतली जी नंतरची ती. त्यामुळे जॉइनिंग रिपोर्टवर तारीख आणि आवक क्रमांक टाकून पोच घे. फोटो काढ. ऑफिसातून कागद हरवला तर तो तू दिलाच नव्हतास, असं धरतात.

---

चष्मिष

मी उलट बाजू मांडतो, नाहीतर धागा एकसुरी होईल.

मी जेआरएफ घेतली, पीएचडी पुरी केली, प्रबंधाचं कौतुक झालं. फेलोशिप संपली त्याच्या पुढच्या महिन्यात हातात काय? वय तेहतीस, शिकवण्याचा अनुभव नाही, एकाही कॉलेजात ओळख नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न: "वर्गात साठ पोरं सांभाळलीत का कधी?" माझ्याबरोबरचा एकजण एमए झाल्या झाल्या तासिकेवर लागला होता. त्याला स्टाफरूम माहीत, कोण कोणाचं ऐकतं ते माहीत, संस्थाचालकांच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभा होता. जागा निघाली, लागला. नियमात बसूनच लागला, कोणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. पण मुलाखत शेवटी माणसंच घेतात.

मी आता शालेय पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात आहे. बरं चाललंय. सहावीच्या मुलाला शिवकालीन महसूल चार ओळींत सांगता येणं हे प्रबंधापेक्षा कठीण आहे.

तेव्हा मास्तर म्हणतात ते नियम खरे, पण नियमांच्या शेजारी जे चालतं तेही खरं.

---

निवृत्त_मास्तर

@चष्मिष, मान्य. फक्त त्या एकाबरोबर तासिकेवर लागलेले बाकीचे कुठे आहेत, तेही मोजा.

---

आझादमैदानकर

आणि ज्या ठिकाणी 'रेट' चालतो तिथे ना जेआरएफ उपयोगाची ना लग्नात वाढणं. त्यावर इथे कोणी बोलत नाही.

---

जोशीबुवा

बोलत नाही कारण प्रत्येकाला रक्कम माहीत आहे.

---

परळची_पोर

बाप रे, एका दिवसात एवढं! सगळ्यांना एकदम उत्तर देते.

मास्तर सर, प्राचार्यांना बिंदूबद्दल विचारलं. खिडकीबाहेर नाही बघितलं, क्लार्कला बोलावलं. क्लार्कने सांगितलं, इतिहासाची दोन मंजूर पदं, एक भरलेलं, दुसऱ्याची ना-हरकत अजून मागितलेलीच नाही. प्राचार्यांनाही बहुतेक तेव्हाच कळलं.

ते 'दुसऱ्या पद्धतीने' मानधन देण्याचं कोणीच बोललं नाही. त्याचं काय? खरं सांगते, मोह होतोय. घरात मी आणि बाबा दोघंच कमावणार आहोत.

---

रसायनी

नको. जेआरएफ चालू असताना दुसरीकडून पगार-मानधन घेत नाही असं लिहून दिलेलं असतं. उघडकीला आलं तर फेलोशिप जाते आणि आधी घेतलेली रक्कम परत मागतात. उघडकीला कसं येईल म्हणशील, तर तुझं नाव त्यांच्या टाइमटेबलवर असेल, नॅकच्या यादीत असेल, मुलांच्या इन्स्टावर 'बेस्ट मॅम' म्हणून असेल.

---

तासिकावाला

आणि रोखीचा तो व्यवहार कॉलेजच्या सोयीचा असतो. तास तुझे, कागदावर नाव दुसऱ्याचं. अनुभवाचं पत्र मागायला गेलीस की "तुम्ही कोण?"

शिकवायचंच असेल तर ज्या विभागात पीएचडी करशील तिथेच ट्युटोरियल घे, सरांच्या परवानगीने. पैसे नाहीत, पण त्याचं पत्र मिळतं. चष्मिषभाऊंच्या साठ पोरांचा प्रश्न त्याने निम्मा तरी सुटतो.

---

काळाघोडा

मी फक्त विषयासाठी आलोय. खानावळी! वा. पुराभिलेखागारात माझं जाणं-येणं असतं, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. तिथे खानावळ असं नाव टाकून शोधलंत तर फारसं काही लागणार नाही. कामगार खात्याच्या चौकश्या, घरभाड्याच्या पाहण्या, पटकीच्या साथीचे अहवाल बघा. बाई कितीजणांना जेवू घालते हे सरकारला आरोग्याच्या किंवा गर्दीच्या निमित्तानेच कळायचं. नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जुनी मासिकं, दिवाळी अंक चाळा. १९७५ ला खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तो धागा तर तुमच्या मध्यभागीच यायला हवा.

पण हे सगळं नंतरही होईल. कागद कुठे पळत नाहीत. आधी बायकांना भेटा. संपाच्या वेळी ज्या तिशीत होत्या त्या आज सत्तरीच्या पुढे आहेत. कालच्या भांड्यांचा हिशोब ज्यांच्या तोंडपाठ आहे अशा फार राहिल्या नाहीत. पार्टटाइम पीएचडीत शनिवार-रविवारी हे जमेल असं वाटत असेल तर विसरा. म्हाताऱ्या बायका रविवारी नातवंडांत असतात, त्या बोलतात मंगळवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर. तेव्हा तुम्ही मासमीडियाच्या वर्गात असाल.

आणि आजीच्या वहीचे आधी चांगल्या उजेडात फोटो काढा. माळ्यावर वाळवी लागते.

---

सायली_के

@काळाघोडा, सगळ्या धाग्यात हाच सल्ला सगळ्यात कामाचा आहे, आणि त्यात फेलोशिप हा शब्दही नाही.

---

बोरिवली_स्लो

एशियाटिक सोसायटीचंही काहीतरी असतं ना? टाउन हॉलचं?

---

काळाघोडा

असतं. छोट्या संशोधनांसाठी फेलोशिपा देतात, विषय मुंबईचा असेल तर जरूर बघावं. पण जेआरएफबरोबर दुसरी फेलोशिप घेता येत नाही, त्यामुळे ताईंना ते नंतरसाठी. ज्यांना जेआरएफ नाही त्यांनी आयसीएसएसआरची (समाजविज्ञान संशोधन परिषदेची) डॉक्टरल फेलोशिपही बघा, महिना २०,०००.

---

रसायनी

आणि प्रोजेक्टवरच्या जागा घेताना प्रोजेक्टची शेवटची तारीख वाचा. २०२४ च्या जूनअखेर टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) शंभराहून जास्त कंत्राटी लोकांना, त्यात पन्नासहून अधिक शिक्षक, नोटिसा गेल्या, कारण टाटा एज्युकेशन ट्रस्टचा निधी पुढे मिळणार की नाही ठरलं नव्हतं. दोन दिवसांत मागे घेतल्या, पण ते दोन दिवस काय गेले असतील. अनुदानावरच्या खुर्चीला चार पाय नसतात.

---

परळची_पोर

ठरलं. कालिनातल्या एका मॅडमना भेटून आले. पंचेचाळिशीच्या आहेत, दोन जागा रिकाम्या. ऋणनिर्देश वाचून गेले होते. त्यांच्या एका विद्यार्थ्याने लिहिलंय, 'तिसरं प्रकरण मॅडमनी चारदा परत केलं.' विषय ऐकून त्या पहिलं काय म्हणाल्या तर, "वहीत ताटाचा दर कुठे बदलतो ते शोधलंस का?" मी शोधला नव्हता. रात्री घरी येऊन माळ्यावर चढले.

विभागातल्या दोन जेआरएफवाल्यांनाही विचारलं. शेवटचे पैसे मागच्याच महिन्याचे आलेत. मेकरबाईंना उकडीचे मोदक आवडतात अशीही माहिती मिळाली.

आईला अजून पटलेलं नाही. "पाच वर्षांनी काय?" म्हणते. चष्मिष यांची पोस्ट तिला दाखवलेली नाही.

प्राचार्यांना नकार कळवला. चांगले वागले. म्हणाले, सत्रात एखादं व्याख्यान देऊन जा, प्रमाणपत्र देऊ.

---

निवृत्त_मास्तर

जा. मानधन घेऊ नकोस, पत्र घे. आणि पत्रावर जावक क्रमांक आहे का बघ.

---

चष्मिष

दाखवू नकाच. आणि पाच वर्षांनी प्रकाशनात जागा असेल तर मी आहे.

---

तासिकावाला

परळची_पोर, मनापासून शुभेच्छा.

एक विचारायचं होतं. त्या कॉलेजात तुम्ही सोडलेले ९ तास अजून रिकामे आहेत का? नाव व्यनि (खाजगी निरोप) कराल? माझ्याकडे यंदा सहाच दिलेत.

---

परळची_पोर

व्यनि केलाय सर. मुलाखत शुक्रवारी आहे, साडेअकराला.